हायब्रीड ज्वारी ते बीटी वांगं



गेल्या पर्युषणात प्रतिक्रमण आटोपून उपाश्रयातून निघताना खोपोलीच्या एका भगिनीने विचारलं, "ताई, ते जीएम का काय म्हणतात, ते आपल्याला चालतं का हो?" मी पटकन सांगून टाकलं, "बीटी वांग्याचं ना? वांगं आपण खातच नाही, मग प्रश्नच कुठे येतो!" सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच संपला. घरी आल्यावर मात्र माझंच उत्तर मला खटकत राहिलं. मी बी.कॉम.ची. जमेची बाजू लिहून नावेची न पाहता वही मिटवली, असं काहीसं वाटलं. म्हणून हा सगळा हिशोब आज नीट मांडते आहे.

नव्या बियाण्याची भीती आपल्याकडे जुनी आहे. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ साली आलं आणि माझ्या लहानपणी ती घरोघर पोहोचली होती. पीक भरघोस यायचं, पण पावसात कणीस सापडलं की दाणा काळा पडायचा. आजी म्हणायची, "हिची भाकरी गोड लागत नाही." १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो आली, तेव्हा तर नाकं मुरडतच भाकऱ्या थापल्या गेल्या. पुढे 'हायब्रीड' हा शब्द शिवीसारखाच झाला. पोरगं वरचेवर आजारी पडलं की म्हणायचे, "हायब्रीड खाऊन वाढलंय!" तरी त्याच धान्याने कितीतरी घरांची पोटं भरली, हेही खरं.

लग्न होऊन कर्जतला आले. सासऱ्यांचं भुसाराचं दुकान होतं. इथलं भात संशोधन केंद्र ब्रिटिशांच्या काळापासूनचं, आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं तिथलीच. १९९८ मध्ये 'सह्याद्री' हे संकरित भातही तिथूनच आलं. गिऱ्हाईक आधी "गावठी आहे का?" असं विचारायचं आणि भात शिजवून पाहिल्यावर तोच तांदूळ पुन्हा मागायचं. आपल्या गावचं केंद्र, ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत, त्यामुळे विश्वास लवकर बसला.

पण संकरित वेगळं आणि जीएम वेगळं, हे आधी समजून घेऊ. संकर म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा मेळ. जीएममध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याच जीवाचा गुण पिकात घालतात. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू. त्याचा एक जनुक वांग्यात घातला की झाड स्वतःच असं प्रथिन तयार करतं, जे शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला मारक ठरतं.

हे वांगं आपल्या जालन्याच्या महिकोचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली ही बियाण्यांची कंपनी. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने या वांग्याला मान्यता दिली आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सभा घेऊन लोकांचं म्हणणं ऐकलं. त्यातली एक सभा २७ जानेवारी २०१० ला नागपुरात झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, सगळेच बोलले. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली.

विरोध सगळ्यांचाच होता असं मात्र नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांचं म्हणणं, नवं तंत्र नाकारण्याचा हक्क दुसऱ्यांना कोणी दिला?

आता आपल्या घरात येऊ. बावीस अभक्ष्यांत वांग्याचं नाव आहे, बहुबीजाचंही आहे, म्हणून आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. पण बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजीच परवानगी मिळाली आणि आज देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तोच आहे. माझ्या माहेरीही तोच लावतात. त्या सरकीचं तेल फरसाणात असतं आणि तिची पेंड म्हशी खातात. शुद्ध केलेल्या तेलात ते प्रथिन जवळपास उरत नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण "जीएम आमच्या घरात नाही" असं मी म्हटलं, ते काही खरं नव्हतं.

चीजचं तर आणखीच वेगळं. पूर्वी दूध विरजवायला वासराच्या जठरातला रस वापरत, म्हणून आपण चीज टाळायचो. १९९० मध्ये अमेरिकेत एका नव्या पद्धतीला मान्यता मिळाली. वासराच्या त्या जनुकाची नक्कल सूक्ष्मजीवात घालून तेच द्रव्य तयार करायचं. जगातल्या बऱ्याच 'शाकाहारी' चीजमागे आज हेच तंत्र आहे. ज्या तंत्राला आपण नाकं मुरडतो, त्यानेच कितीतरी वासरं वाचवली.

वांग्याचं पुन्हा सांगते. बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या आमच्या नेहमीच्या बाईला एकदा मी फवारणीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "शेठाणी, फवारलं नाय तर वांगा हाती लागत नाय." अळी बीटी वांगं खाऊनही मरते आणि औषधानेही मरते. औषधाने तिच्यासोबत मधमाशी मरते आणि फवारणाऱ्याच्या अंगातही विष जातं. पण बियाणं दरवर्षी कंपनीकडूनच घ्यावं लागलं तर शेतकरी परावलंबी होतो आणि घराघरांत जपलेली गावरान वाणं मागे पडतात, ही भीतीही खोटी नाही. हिंसा कुठे कमी, हे ठरवणं मला तरी सोपं वाटत नाही.

मग आपल्या हाती काय? जयणा, म्हणजे काळजीपूर्वक पाहून, जाणून वागणं. २००१ मध्ये पाकिटांवर हिरवा ठिपका आला, तेव्हापासून किराणा घेताना आपलं किती सोपं झालं! १ जानेवारी २०१३ पासून जीएम मालाच्या पाकिटावर 'जीएम' अशी अक्षरं छापण्याचाही नियम आला. मी तरी ती अक्षरं आजवर एकाही पाकिटावर पाहिलेली नाहीत. हिरव्या ठिपक्याइतकाच आग्रह आपण याचाही धरायला हवा. खायचं की नाही हे जिचं तिने ठरवावं, पण ठरवायला आधी कळायला तर हवं.

आता तर गोष्ट आपल्या ताटातल्या भातापर्यंत आली आहे. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर केली, 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १'. त्यांत दुसऱ्या जीवाचा जनुक घातलेला नाही, भाताच्याच जनुकात बारीक फेरफार केला आहे. वांग्याला "आम्ही खात नाही" म्हणून हात झटकता आले. कर्जत-खालापुरात राहून भाताबद्दल तसं म्हणता येणार नाही.

खोपोलीच्या त्या भगिनीला मी फोन करून सांगितलं, "त्या दिवशी मी घाईत बोलले. चालतं की नाही हे साध्वीजी महाराजांना विचारू, पण आधी आपल्या डब्यांत काय काय आहे ते बघून घेऊ." त्याच संध्याकाळी मी फरसाणाची पाकिटं काढून त्यांवरची तेलाची नावं वहीत उतरवली. तुम्हीही करून पाहा. आणि तुमच्या आजी, सासूबाई हायब्रीड ज्वारीबद्दल काय म्हणायच्या, तेही जरूर कळवा.