शुकाचीं पिसें

आमच्या देशांत पोपटाचें कौतुक फार जुनें आहे. शुकसारिकांस बोलावयास शिकविणें ही वात्स्यायनानें चौसष्ट कलांपैकीं एक गणिली आहे. शुकसप्ततींतील पोपट कथा सांगून घरधनिणीचें शील राखतो. तीच कल्पना १४ व्या शतकांत ‘तूतीनामा’ होऊन फारसींत गेली. इराणच्या दरबारीं असलेल्या क्टेसियस ह्या ग्रीक वैद्यानें इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमारास ह्या पक्ष्याच्या वाणीचें नवल लिहून ठेविलें. आणि रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, त्यास बोलावयास शिकवितांना लोखंडी दांडीनें डोक्यावर मारीत! सर्वांचें लक्ष त्याच्या जिभेकडे. पिसांकडे कोण पाहतो?

ह्या पक्ष्याचें दुःख आमच्या वाङ्मयास अगदींच अज्ञात नव्हतें. शाल्मलीच्या ढोलींतून पिलें ओढून मारणारा वृद्ध शबर बाणभट्टानें कादंबरींत पोपटाच्याच तोंडून वर्णिला आहे. ज्ञानेश्वरांच्या दृष्टांतांतील शुक नळी स्वतःच घट्ट धरतो आणि भ्रमानें आपणांस बद्ध समजतो. पिंजऱ्यांतील पोपटाचें बंधन मात्र भ्रमाचें नाहीं. कधीं कधीं असा पोपट छातीचीं व पंखांखालचीं पिसें उपटून अंग उघडें करतो. डोक्यावरचीं तेवढीं शाबूत राहतात, कारण तेथें त्याची चोंच पोंचत नाहीं.

घरचीं माणसें ह्यास खोड म्हणतात व पक्ष्यावर रागावतात. आमच्या मतें ही खोड नव्हे, तक्रार होय. त्वचेचा विकार, यकृताचा रोग, नुसत्या दाण्यांवर पोसल्यानें येणारी जीवनसत्त्वांची उणीव, ह्यांतून ती उद्भवूं शकते. म्हणून प्रथम पशुवैद्य गांठावा. देह निर्दोष ठरल्यास दोष दिनक्रमांत शोधावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं तरुण ॲमेझॉन पोपटांस अन्न शोधून काढावें लागेल अशी योजना केली व चढावयास, कुरतडावयास वस्तू दिल्या. तेव्हां पिसें उपटण्यास आळा बसला, आणि आधीं उपटणाऱ्यांचेंही उपटणें कमी झालें.

ह्यांत नवल नाहीं. नवेगांव बांधचा तलाव १८ व्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यांनीं बांधिला असें मानितात. त्याच्या भोंवतालच्या रानांत मारुती चितमपल्ली ह्यांनीं वनाधिकारी असतां पक्ष्यांचा अभ्यास केला. तेथील पोपटाचा दिवस थव्यानें उडण्यांत, फळें हुडकण्यांत, साल कुरतडण्यांत जातो. तोच दिवस होईल तितका घरीं आणावा: ऐसपैस जागा, ताज्या डहाळ्या, पानांत बांधलेलें अन्न, वरचेवर स्नान, रात्रीं दहा-बारा तास अंधार, आणि सोबत. दीर्घकाळ उपटून पिसांचीं मुळें नासलीं, तर मात्र नवीं पिसें येत नाहींत.

देशी पोपट बाळगणेंच आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें निषिद्ध आहे. तथापि पिसें गेलेल्या पक्ष्यास खिडकींतून सोडणें हें पुण्य नव्हे. तो मांजराच्या तोंडीं जावयाचा. त्यास वनखात्याच्या स्वाधीन करावें. शुकास बोलतें करण्याची कला पूर्वजांनीं साधिली. न बोलतां तो जें सांगतो तें ऐकण्याची कला आम्हांस अजून शिकावयाची आहे.