दख्खनची काळी मृदा

दख्खनची काळी मृदा ही भारतीय द्वीपकल्पातील बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात आढळणारी, चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेली आणि ओलाव्यानुसार फुगणारी व आकसणारी मृदा आहे. तिला रेगूर, काळी कापसाची जमीन किंवा बोलीभाषेत भारी जमीन असेही म्हणतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत तिचे मोठे क्षेत्र आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिच्यातील खोल व ठळक गुणधर्मांच्या मृदांचा समावेश व्हर्टिसॉल या गणात होतो. हे नाव 'उलटणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले आहे. जगात व्हर्टिसॉल मृदांचे क्षेत्र सुमारे ३३.५ कोटी हेक्टर असून भारत, ऑस्ट्रेलिया आणि सुदान येथे त्यांचे मोठे सलग पट्टे आहेत.

केवळ काळ्या रंगावरून या मृदेची ओळख किंवा प्रत ठरवता येत नाही. एकाच रंगाच्या दोन जमिनींपैकी एक उत्तम निचऱ्याची व दुसरी चोपण असू शकते. त्यामुळे तिचे गुणनिर्धारण भूरूप, हवामान आणि प्रयोगशाळेतील पृथक्करण या तिन्ही प्रकारची माहिती एकत्र वाचून केले जाते.

निर्मिती

दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झाला. या खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह विपुल असते. त्याच्या विदारणातून स्मेक्टाइट गटातील चिकण खनिजे तयार होतात. सध्याच्या निमकोरड्या हवामानात एवढ्या प्रमाणात स्मेक्टाइट तयार होणे कठीण असल्याने, पूर्वीच्या अधिक दमट काळात ते तयार झाले व पाण्याबरोबर वाहत येऊन सखल भागांत साचले, असे स्पष्टीकरण मृदाशास्त्रज्ञ देतात. यामुळे खोल काळी मृदा प्रामुख्याने नदीखोऱ्यांत व मैदानी भागांत आढळते.

मृदेचा गडद रंग पाहून ती सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिच्यातील सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहून कमी असतो. अल्प सेंद्रिय पदार्थ स्मेक्टाइटशी घट्ट बांधला गेल्याने रंग गडद दिसतो.

भूरूप आणि स्थान

ब्रिटिश मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून १९३५ मध्ये मृदाशृंखलेची संकल्पना मांडली. टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत मृदा ठरावीक क्रमाने बदलतात, असे ही संकल्पना सांगते. दख्खनच्या पाणलोटांत हा क्रम स्पष्ट दिसतो. माथ्यावर व तीव्र उतारावर मुरमाड, उथळ मृदा असते. मधल्या सौम्य उतारावर मध्यम खोलीची, थोड्याफार भेगा पडणारी मृदा असते. पायथ्याशी व खोऱ्यात एक मीटरहून अधिक खोल काळी मृदा असते. शेतकऱ्यांची 'हलकी, मध्यम आणि भारी' ही विभागणी याच क्रमाशी जुळते.

उंचीतील अत्यल्प फरकही महत्त्वाचा ठरतो. विदर्भातील पूर्णा खोऱ्यात डोळ्यांना जवळपास सपाट भासणाऱ्या जमिनीत सूक्ष्म उंचवटे व सूक्ष्म खोलगट जागा आहेत. उंचवट्यावरून पावसाचे पाणी वाहून जाते आणि तेथील मृदा तुलनेने कोरडी राहते. अशा ठिकाणी मृदा चोपण झालेली आढळली असून लगतच्या खोलगट जागी ती सुस्थितीत असल्याचे दिसून आले आहे.

मृदाछेद

प्रत्यक्ष पाहणीत साधारण दीड मीटर खोल खड्डा खणून मृदाछेदाचे थरनिहाय वर्णन केले जाते. व्हर्टिसॉल ठरण्यासाठी मुख्यतः तीन लक्षणे आवश्यक असतात.

• पृष्ठभागापासून १०० सेंटिमीटरच्या आत किमान २५ सेंटिमीटर जाडीचा, चकचकीत घर्षणपृष्ठे किंवा पाचरीच्या आकाराचे ढेकूळ असलेला थर.
• वरच्या १८ सेंटिमीटरच्या मिश्र थरात आणि तेथून ५० सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या थरांत किमान ३० टक्के चिकणमाती.
• ठरावीक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा.

घर्षणपृष्ठे ही या मृदेची सर्वांत विश्वसनीय खूण होय. पावसाळ्यात खालचे थर फुगतात. मात्र बाजूंना जागा नसल्याने मातीचे भाग एकमेकांवर तिरपे घसरतात आणि त्यांच्या पृष्ठांना झिलई येते. उन्हाळ्यात काही सेंटिमीटर रुंद आणि अर्धा ते एक मीटर खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्यांत कोसळते. या हालचालीमुळे मृदा सतत घुसळली जाते, असे पूर्वी मानले जाई. मात्र अनेक मृदाछेदांत खोलीनुसार सेंद्रिय कर्ब व चुनखडी यांच्या प्रमाणात नियमित बदल आढळतो. संपूर्ण घुसळण होत असती, तर असा बदल टिकला नसता.

हवामान

मृदेचे नाव ठरवताना तिचा वार्षिक ओलावा व तापमान यांचाही विचार होतो. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील बहुतेक काळ्या मृदा अस्टिक ओलावा-प्रकारात मोडतात. अशा प्रदेशात मृदा वर्षातील बराच काळ कोरडी असते, तरी पीकवाढीच्या हंगामात तिला ओलावा मिळतो.

अमेरिकी मृदा वर्गीकरण पद्धतीनुसार वर्षात एकूण ९० दिवस किंवा अधिक काळ भेगा उघड्या राहणाऱ्या व्हर्टिसॉलना अस्टर्ट म्हणतात. त्यांतील हॅप्लस्टर्ट या मोठ्या गटात भेगा २१० दिवस किंवा अधिक काळ उघड्या राहिल्यास मृदा ॲरिडिक उपगटात, तर १५० दिवसांहून कमी काळ राहिल्यास युडिक उपगटात जाऊ शकते. भेगा किती दिवस उघड्या राहतात, ही हवामानाची मृदेत उमटलेली नोंदच असते.

नागपूर येथे वार्षिक पाऊस सुमारे १,१०० मिलिमीटर, तर अकोला येथे सुमारे ८०० मिलिमीटर असतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस कमी होत जातो, तसे काळ्या मृदेतील चुनखडीचे प्रमाण साधारणपणे वाढते आणि जलवाहकता घटते. अधिक कोरड्या भागात भेगा घर्षणपृष्ठांच्या थरातही खोलवर शिरतात.

प्रयोगशाळेतील पृथक्करण

प्रत्येक थराचा नमुना वाळवून व दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून पुढील गुणधर्म मोजले जातात.

• कणरचना: पिपेट पद्धतीने वाळू, गाळ आणि चिकणमातीचे प्रमाण काढतात. खोल काळ्या मृदेत चिकणमाती बहुधा ४० ते ६० टक्के किंवा त्याहून अधिक असते.
• चिकण खनिजे: क्ष-किरण विवर्तनाने ओळखतात. मॅग्नेशियमने संपृक्त केलेल्या स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांतील सुमारे १४ अँगस्ट्रॉम अंतर ग्लायकॉलच्या प्रक्रियेनंतर सुमारे १७ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते.
• धन-आयन विनिमय क्षमता: ती साधारणपणे दर किलोग्रॅमला ३० ते ६० सेंटिमोल असते. अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची या मृदेची क्षमता त्यातून कळते.
• रेषीय प्रसरण गुणांक: ओल्या ढेकळाची लांबी वाळल्यावर किती घटते, त्यावरून काढतात.
• सामू: बहुधा ७.५ ते ८.५. चोपण मृदेत तो याहून वाढू शकतो.
• सेंद्रिय कर्ब: वॉक्ले आणि ब्लॅक यांच्या पद्धतीने मोजतात.
• मुक्त चुनखडी, विद्युत वाहकता आणि विनिमययोग्य सोडियम.
• संपृक्त जलवाहकता: पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीतून तासाला किती मिलिमीटर पाणी खाली जाते, हे मोजतात.

चुनखडी, सोडियम आणि निचरा

काळ्या मृदेच्या ऱ्हासाचे कारण वरील तिन्ही प्रकारच्या माहितीच्या जुळणीतून उलगडते. कोरड्या हवामानात बाष्पीभवन अधिक असल्याने मृदेतील पाण्यात विरघळलेले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडते. उरलेल्या पाण्यात सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते व ते चिकण कणांवर बसते. सोडियममुळे चिकण कण एकमेकांपासून सुटे होतात आणि मातीची सूक्ष्म छिद्रे बुजतात. त्यामुळे पावसाचे पाणी खाली मुरत नाही, खालचे थर कोरडेच राहतात आणि चुनखडी आणखी साचते. अशा रीतीने परिणाम हाच पुढील कारण बनतो.

अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेनुसार, विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक असलेली मृदा सोडियमबाधित मानली जाते. विदर्भातील मृदांच्या अभ्यासात मात्र स्मेक्टाइटयुक्त मृदेचा निचरा सुमारे ५ टक्के सोडियमलाच बिघडू लागतो, असे आढळले. कपाशीच्या उत्पादनाशी सर्वांत जवळचा संबंध संपृक्त जलवाहकतेचा दिसला. ती तासाला १० मिलिमीटरहून कमी असलेल्या मृदांत उत्पादन लक्षणीय घटते. परिणामी ५ ते १५ टक्के सोडियम असलेली मृदा वर्गीकरणात 'टिपिक', म्हणजे सर्वसाधारण ठरू शकते. प्रत्यक्ष शेतात मात्र ती निचरा गमावत असते.

सर्वच काळ्या मृदांत ही प्रक्रिया सारख्या वेगाने होत नाही. बेसॉल्टमधील झिओलाइट खनिजे किंवा जिप्सम मृदेत असल्यास त्यांतून कॅल्शियम सतत मिळत राहते व निचरा टिकतो. म्हणून समान पाऊस आणि समान सिंचन असलेल्या दोन मृदांचे भवितव्य वेगळे असू शकते.

अभ्यासाचा इतिहास

महाराष्ट्रात कालव्यांचे पाणी मिळू लागल्यावर काळ्या मृदेचे प्रश्न ठळक झाले. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींविषयी हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांचा अभ्यास १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केला. पुढे १९३० च्या दशकात पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्रात जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी कालवा क्षेत्रातील मृदांचे मृदाछेदावर आधारित सर्वेक्षण केले. १९७६ मध्ये राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोची स्थापना झाली. या संस्थेचे मुख्यालय नागपूर येथे असून काळ्या मृदांविषयीचे बरेच संशोधन तेथे झाले आहे.

खारपाणपट्टा

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या मोठ्या भागास खारपाणपट्टा म्हणतात. सातपुड्याच्या दक्षिणेकडील या खचदरीत गाळाचे जाड थर साचलेले असून भूजल अनेक ठिकाणी खारे आहे. मृदा खोल, काळी व चिकण आहे. विहिरीचे खारे पाणी दिल्यास सोडियम वाढतो; चांगले पाणीही निचऱ्याअभावी वरच्या थरात अडकते. त्यामुळे येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून राहिली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात या पट्ट्यातील ९३२ गावांचा समावेश करण्यात आला होता.

व्यवस्थापन

चोपण मृदेत जिप्सम मिसळल्यास त्यातील कॅल्शियम चिकण कणांवरील सोडियमची जागा घेते. सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निचऱ्याने बाहेर जाणे आवश्यक असते. निचऱ्याची सोय नसल्यास जिप्समचा लाभ मर्यादित राहतो. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने काळ्या मृदेसाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कार केला. या पद्धतीत वरंब्यावर पीक घेतले जाते. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाच्या खंडात वरंब्यातील ओलावा उपयोगी पडतो. शेततळ्यात साठवलेले गोड पाणी संरक्षित सिंचनासाठी वापरणे, हा खारपाणपट्ट्यातील महत्त्वाचा पर्याय आहे.

माती परीक्षणाची मर्यादा

केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, प्रमुख व दुय्यम अन्नद्रव्ये आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये असे १२ घटक तपासले जातात. नमुना साधारणपणे वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून घेतला जातो. खतांची मात्रा ठरवण्यासाठी ही माहिती उपयुक्त आहे. तथापि विनिमययोग्य सोडियम आणि जलवाहकता या १२ घटकांत नाहीत, आणि काळ्या मृदेचा ऱ्हास बहुधा खालच्या थरांत आधी सुरू होतो. त्यामुळे नव्या क्षेत्रात सिंचन सुरू करण्यापूर्वी वरच्या थराच्या अहवालाबरोबर मृदाछेदाची पाहणी, खालच्या थरांचे पृथक्करण, भूरूपातील स्थान आणि पर्जन्यमान यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते.