झेडपीचा माणूस सरकारी की निमसरकारी?

मार्च २०२३ चा संप आठवत असेल. १४ तारखेला सुरू झाला, आठवडाभर चालला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या टोप्या घालून जे रस्त्यावर बसले होते, त्यात आपल्या भागातले बहुतेक झेडपीचे होते: गुरुजी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका. तेव्हा चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, “हे तर झेडपीचे, यांना सरकारी पेन्शन कशाला?” प्रश्न कुत्सित होता, पण वाईट नव्हता. उत्तर साठ वर्षांमागे जाऊन शोधावं लागतं.

१९६२ च्या आधी आपल्याकडे जिल्हा परिषद नव्हतीच. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर लोकल बोर्डं आली. आमचे आजोबा स्कूल बोर्डाचे मास्तर. नोकरी बोर्डाची, आणि बोर्ड म्हणजे गावातले वजनदार लोक. आजोबा सांगायचे, बदली टाळायची तर शाळा तपासणाऱ्या साहेबापेक्षा मेंबरच्या वाड्यावर रामराम घालणं जास्त उपयोगी. विदर्भात लोकल बोर्डाऐवजी जनपद सभा होत्या, मराठवाड्यात निजामी अमलातली पद्धत. १९६० ला राज्य एक झालं, पण मुंबई, मध्य प्रांत आणि हैदराबाद असे तिन्हीकडचे सेवानियम वेगळे होते. एकाच पदावरच्या दोघांची रजासुद्धा वेगवेगळ्या पुस्तकातून मोजायची म्हणजे कारकुनाची काय कसरत होत असेल, विचार करा.

मग वसंतराव नाईक समिती बसली, १९६१ मध्ये जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ ला यशवंतराव चव्हाणांच्या काळात परिषदा सुरू झाल्या. बोर्डं बरखास्त झाली, त्यांची माणसं परिषदेकडे आली. शिवाय सरकारच्या खात्यांमधली कामं आणि माणसंही आली. आता एकाच कचेरीत दोन जातीचे नोकर: एक बोर्डाचा, दुसरा सरकारचा. त्यांना एका दावणीला बांधल्याशिवाय गाडा चालणार नव्हता. म्हणून ‘जिल्हा सेवा’ तयार झाली. १९६४ ला शिस्त व अपील नियम आले, १९६७ ला वर्तणूक नियम आणि सेवाप्रवेश नियम. मजकूर चाळून बघा, बहुतेक साचा सरकारी नोकराच्या नियमांचाच आहे. नोटीस, दोषारोपपत्र, चौकशी, म्हणणं मांडायची संधी, मग शिक्षा. शिक्षा मुख्य कार्यकारी अधिकारी करणार, म्हणजे सरकारने पाठवलेला अधिकारी, आणि अपील विभागीय आयुक्तांकडे. अध्यक्ष या साखळीत नाहीतच.

इथे माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. नियमांनी मास्तरला मेंबरच्या वाड्यातून सोडवलं, हे खरंच. पण त्याच नियमांनी परिषदेच्या हातातला नोकरही काढून घेतला. लोक निवडून देतात मेंबरांना आणि ग्रामसेवक बघतो सीईओकडे, सीईओ बघतो मंत्रालयाकडे. विकेंद्रीकरण म्हणतात ते इथेच पातळ झालं. तरी आजोबांना विचारलं असतं तर ते निःशंक दुसरी बाजू घेते. लाचारीपेक्षा नियम बरा.

गंमत म्हणजे नियम दिले, पण दर्जा पूर्ण दिला नाही. राज्याने स्वतःच्या नोकरांसाठी १९७९ मध्ये शिस्त व अपील नियम नव्याने केले, झेडपीची चौकशी मात्र १९६४ च्याच पुस्तकावर चालत राहिली. निवृत्तिवेतनाचे १९८२ चे नियम लागू झाले. पण १९९१ मध्ये प्रशासकीय न्यायाधिकरण आलं तेव्हा दार फक्त राज्याच्या नोकराला उघडलं. झेडपीच्या माणसाला आजही दाद मागायची तर थेट हायकोर्ट. वकिलाची फी कोणाच्या खिशातून जाते ते सांगायला नको.

शेजारच्या गुजरातने हाच वाद कोर्टात नेला. १९६० पर्यंत आपलंच राज्य ते. पंचायत कायदाही आपल्यासारखा १९६१ चा. तिथे पंचायत सेवा झाली. सरकारकडून आलेल्यांना सुधारित वेतन मिळालं, पण जुन्या नगरपालिकांतून पंचायतीत आलेल्यांना ‘स्थानिक संवर्ग’ म्हणत वगळलं. हायकोर्टाने सांगितलं, हेही सरकारी नोकरच. अपील चालू असताना सरकारने १९७८ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला, म्हणजे ‘तुम्ही कधीच सरकारी नोकर नव्हता’! रमणलाल केशवलाल सोनी खटल्यात १९८३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती उडवली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या निकालाचा गाभा एवढाच की लोकांनी मिळवलेला हक्क मागच्या तारखेने असा पुसता येत नाही.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्याने बंद केली, तेव्हा झेडपीच्या नोकरांचीही गेली. घेताना ते सरकारी धरले गेले, मग मागताना निमसरकारी कसे?

आणि या सगळ्या पुस्तकांच्या बाहेर राहिलेला एक माणूस आपल्या गावातच आहे. पहाटे पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवणारा, गटार काढणारा, दवंडी देणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी. त्याची नेमणूक पंचायतीची. किमान वेतनातला सरकारचा हिस्सा पंचायतीच्या वसुलीशी जोडलेला, म्हणजे आपण घरपट्टी थकवली की त्याचा पगार अडकतो. पेन्शन नाही. झेडपीच्या भरतीत दहा टक्के जागा त्याच्यासाठी ठेवल्या आहेत, पण भरतीच वर्षानुवर्षे निघत नाही तोवर तो वयात बसत नाही. आमच्या गावचा पाणीवाला तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवतोय. मागच्या महिन्यात त्याने मला विचारलं, “भाऊ, माझं नाव कुठल्या रजिस्टरात असतं?”

ग्रामपंचायतीच्या, म्हटलं. तो हसला आणि सायकल घेऊन टाकीकडे गेला.