मूर्त व अमूर्त कलाविषय (उटनूर परिसर)

ओळखू येणारी वस्तू दाखवते ती कला मूर्त. केवळ रंग, रेषा, आकार यांवर उभी राहते ती अमूर्त. तेलंगणातील उटनूरच्या आसपास ही विभागणी चांगलीच कसोटीला लागते. मेण वितळवून पोकळ केलेल्या मातीच्या साच्यात पितळ ओतणारे ओझा कारागीर घोडे, हत्ती, देवदेवता घडवतात. ‘आदिलाबाद डोकरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मूर्त कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या राजगोंड आदिवासींचा कुलदेव पेरसापेन मात्र लोखंडी भाल्याचे पाते आणि चवरी यांच्या रूपात पुजला जातो. त्याला चेहरा नाही. तरीही त्याला अमूर्त म्हणणे घाईचे ठरेल. भक्ताला तिथे देवच दिसतो, म्हणून ते प्रतीक. खरी अमूर्त, म्हणजे विषयच गाळून टाकलेली कला पाहायची, तर नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची उत्तरकालीन चित्रे पाहावीत.