इंजिनाची तहान आणि समुद्राची गाळणी

१/ २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ हे ४११ टनांचे वाफेचे जहाज मुंबईहून सुएझला निघाले. मुंबईच्याच गोदीत बांधलेल्या या जहाजात इतका कोळसा भरला होता की केबिनही त्याने व्यापल्या. कोळशाची ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. पाण्याची कोणी सांगत नाही. हा धागा तिच्यासाठी.

२/ तेव्हा सागरी इंजिनाच्या बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी जाई. त्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफ निघून जाई, क्षार मागे उरत. त्यांतही खरा वैरी मीठ नव्हे, कॅल्शियम सल्फेट. पाणी तापले की साखर अधिक विरघळते, हे मात्र कमी विरघळते आणि पत्र्यावर दगडी थर धरते. म्हणून वाफेचा दाब वाढवण्याची सोय नव्हती. शिवाय दाट झालेले उकळते पाणी वरचेवर समुद्रात सोडावे लागे; ते तापवायला जाळलेला कोळसाही त्याच्याबरोबर वाहून जाई.

३/ वापरलेल्या वाफेवर समुद्राच्या पाण्याचा फवारा मारून ती थंड करत, त्यामुळे तिचे गोडे पाणी पुन्हा खारट होई. १८३४ मध्ये सॅम्युएल हॉलने या कंडेन्सरऐवजी दुसऱ्या रचनेचे पेटंट घेतले: वाफ बारीक नळ्यांतून न्यायची, खारे पाणी बाहेरून फिरवायचे. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत. २२ एप्रिल १८३८ रोजी न्यूयॉर्कला पोहोचलेल्या ‘सिरियस’वर हाच कंडेन्सर होता.

४/ तरीही तो मागे पडला. कारण अगदी घरगुती: वंगण म्हणून वापरलेली चरबी नळ्यांत बसे आणि तिच्यातील आम्ले बॉयलर खात. खनिज तेले आल्यावर, १८६० च्या दशकात, ही रचना परतली. १८६६ चे ‘अ‍ॅगामेम्नॉन’ दर चौरस इंचास ६० पौंड दाबावर चाले. इतक्या दाबाला बॉयलरमध्ये गोडे पाणीच हवे.

५/ पुढे रचना उलटली. खारे पाणी नळ्यांच्या आतून वाहू लागले. आता प्रश्न क्षाराचा उरला नाही. शेवाळ, शिंपले, वाळू, मासळी, जे आत शिरेल ते बोटभर नळीत अडकणार. गाळणीला खरे महत्त्व आले ते इथे.

६/ ती निवडणे वाटते तितके सोपे नाही. छिद्रे नळीपेक्षा मोठी असतील तर गाळणी असून नसल्यासारखी. फार बारीक असतील तर ती लगेच तुंबते आणि इंजिन तापते. म्हणून सर्व छिद्रांचे मिळून क्षेत्रफळ नळाच्या छेदाच्या कित्येक पट ठेवतात: निम्मी गाळणी बुजली तरी पाणी येत राहावे. मोठ्या जहाजावर गाळण्यांची जोडी असते, एक चालू असताना दुसरी साफ करता येते. पाणी घेण्याची तोंडेही दोन. उथळ बंदरात वरचे उघडतात, कारण खालचे गाळ ओढते. खुल्या समुद्रात खालचे, कारण जहाज डोलू लागले की वरचे हवा ओढते. (ही युक्ती मला गाळणीपेक्षाही अधिक आवडते.) छोट्या बोटीच्या डिझेल इंजिनाला आज एक जाळीदार टोपली पुरते, छिद्रांचा हिशोब मात्र तोच.

७/ आणि तरीही: जानेवारी २००६, ब्रिस्बेन. अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘रोनाल्ड रेगन’ या अमेरिकन विमानवाहू नौकेत शीतकरणाच्या पाण्याबरोबर हजारो जेलीफिश ओढल्या गेल्या, आणि कंडेन्सर तुंबले.