फसली सालाची पावती

पाटोद्याच्या आमच्या घरी जमीन महसुलाची एक जुनी पावती आहे. उर्दूतली, आजोबांच्या नावाची. तिच्यावर ना इसवी सन, ना हिजरी. लिहिलंय १३४७ फसली. त्यात ५९० मिळवले की १९३७ येतं. सरकार दरवर्षी अर्थसंकल्प का मांडतं, याचं अर्धं उत्तर या पावतीत आहे.

फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चंद्राचं, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. रमजान जसा उन्हाळ्यातून हिवाळ्यात सरकतो, तशी महसुलाची तारीख सरकली असती, तर पीक शेतात उभं असतानाच वसुली दारात आली असती. म्हणून अकबराच्या काळात महसुलासाठी सौर फसली साल सुरू झालं. आजही आपली जकात चंद्राच्या वर्षाने निघते. महसूल मात्र पिकाच्या वर्षाने चालला. उत्पन्न वर्षाचं, म्हणून राज्याचा हिशोबही वर्षाचा.

पण येणार किती, हे आधी कळायला हवं. १८५३ मध्ये पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले तेव्हा संस्थान कर्जात होतं आणि वऱ्हाड त्याच वर्षी इंग्रजांकडे गेलं होतं. महसूल इजाऱ्याने दिलेला असे. इजारदार सरकारला ठरलेली रक्कम भरणार आणि रयतेकडून हवं तेवढं काढणार. सालारजंगांनी ही पद्धत मोडली, १८६५ मध्ये जिलाबंदी केली, वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. तेव्हा कुठे जमाखर्चाचा अंदाज बांधता येऊ लागला.

पुढे १९२२ मध्ये अर्थखातं सांभाळणाऱ्या अकबर हैदरी यांनी खात्यांना तीन-तीन वर्षांच्या रकमा नेमून दिल्या. शिल्लक खात्याकडेच राही. कारभार सुधारला, १९३० मध्ये संस्थानाने कंपनीकडून रेल्वेही विकत घेतली. मग तीन वर्षांचा हिशोब चालत होता, तर आज दरवर्षीची धावपळ कशाला?

कारण तेव्हा परवानगी एकट्या निजामांची लागे. शिवाय सर्फे-खास मुलखाचा महसूल थेट त्यांच्या खासगी खजिन्यात जाई. खर्चाला मंजुरी देणारी लोकांची विधानसभा संस्थानात नव्हती. ती १९५२ च्या निवडणुकीनंतर आली. राज्यघटनेच्या कलम २०२ नुसार राज्य सरकारला दर आर्थिक वर्षाचा जमाखर्च विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. दिलेली परवानगी ३१ मार्चला संपते. नव्या वर्षासाठी पुन्हा यावं लागतं, पुन्हा मागावं लागतं. उत्तराचा दुसरा अर्धा भाग हा आहे. वर्षाची मुदत सरकारच्या सोयीसाठी नाही, त्याला जाब देणं भाग पडावं म्हणून आहे.

आपण मात्र हा हक्क अर्धाच वापरतो. अल्पसंख्याकांसाठी किती कोटी जाहीर झाले, यावर मार्चमध्ये चर्चा करतो. मागच्या वर्षीच्या तरतुदीतले किती खर्च झाले आणि किती तसेच राहिले, हे विचारत नाही. जाहीर झालेली रक्कम म्हणजे मिळालेली रक्कम नव्हे. पाटोद्याची अडचण आणखी वेगळी. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघालेली अनेक कुटुंबं अर्थसंकल्पाच्या दिवसांत उसाच्या फडातच असतात. ज्यांनी विचारायचं, तेच गावात नसतात.

आजोबांकडे पैसे भरल्याची पावती होती. ते कुठे गेले, हे विचारायची जागा नव्हती. आपल्याकडे ती आहे, आणि दरवर्षी आहे.