उन्हाळी सुट्टीतले लंडन : बडोद्याच्या विद्यार्थ्यांसाठी

उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला जाणाऱ्या आपल्या मुलांनी निदान एक दिवस डॉ. आंबेडकरांच्या वास्तव्याच्या जागा पाहण्यासाठी राखून ठेवावा. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आणि तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले. मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१-२२ मध्ये त्यांचा मुक्काम असलेले १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे आता स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून पायी जाता येते. उघडण्याच्या वेळा आधी पाहाव्यात.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियम एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. म्युझियमला तिकीट नाही, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला हे फार मोठे आहे. कॉमर्सच्या मुलांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) निघण्यापूर्वी चाळावे. जड आहे, तरीही.

बस व भुयारी रेल्वेत प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा लंडन आय संध्याकाळीही होईल.